सुरय्या : एका पांगापांगीची तवारीख

हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास अल्-मसऊदी हा बगदादचा इतिहासकार आपल्या चौलला येऊन गेला. अरबी ग्रंथांत चौलचे नाव ‘सैमूर’ असे येते. त्याने लिहून ठेवले आहे की, इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे आणि काही इथेच जन्मलेले, ज्यांना ‘बयासिरा’ म्हणतात. कोकणी मुसलमानांच्या इतिहासावर लिहिणारा प्रत्येक जण ही नोंद देतो. पण ही माणसे इथवर आली कशी, या प्रश्नाचे उत्तर आपण ‘गलबतांतून’ एवढ्यावर उरकतो. त्या काळी या समुद्रात होकायंत्र नव्हते. दिवसा सूर्य आणि रात्री तारे, एवढ्यावर सिराफ ते सैमूर हा प्रवास चालायचा.

त्या ताऱ्यांपैकी एकाची ही गोष्ट आहे. खरे तर तो एक तारा नाहीच. मराठीत आपण त्याला कृत्तिका म्हणतो, अरबीत अस्-सुरय्या.

माझे नाना मुरुड तालुक्यातले. तरुणपणी ते फत्तेमारीवर तांडेल होते; मलबारची कौले आणि बसऱ्याचा खजूर अशी त्यांची कायमची बोली असायची. जानेवारीत इशाची नमाज आटोपून ते अंगणातल्या बाजेवर उताणे पडत आणि बरोबर डोक्यावर, जरासे उत्तरेला बोट दाखवून विचारत, “किती दिसतात?” मी सहा मोजायचो. ते म्हणायचे, “नीट बघ, सात आहेत.” सातवी मला कधी दिसली नाही. आमच्या घराण्यात दर दोन पिढ्यांना एक तरी सुरय्या असते. नानांची एक बहीण सुरय्या होती, आता माझी एक भाची आहे. ती दोह्यात राहते.

नावाची मुळे

‘सुरय्या’ हे नाव विपुलता या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. जुने अरब तिला नुसते ‘अन्-नज्म’ म्हणजे ‘तारा’ असेही म्हणत. जणू तारा म्हटला की हाच. कुरआनातल्या ‘अन्-नज्म’ या सूऱ्याच्या पहिल्या शब्दाचा अर्थ सुरय्या असाच घ्यावा, असे मुजाहिदसारख्या सुरुवातीच्या मुफस्सिरांचे मत होते. सहीह बुखारीत एक व्यवहारातली नोंद आहे. हजरत जैद बिन साबित आपल्या बागेतली फळे सुरय्या उगवेपर्यंत विकत नसत. उन्हाळ्याच्या तोंडावर ती पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागली की खजुरावरच्या रोगाचे दिवस सरत आणि पिवळे फळ कोणते, लाल कोणते हे कळू लागे. म्हणजे बाजाराची तारीख आकाशात लिहिलेली होती. आपल्याकडे त्याच सुमारास आंबा संपतो आणि पाऊस लागतो. ढगांमुळे कोकणातल्या माणसाला तो पहाटेचा उदय सहसा दिसतच नाही.

भारतीय परंपरेत कृत्तिकांचा मान असाच मोठा. नक्षत्रांच्या जुन्या याद्या अश्विनीपासून नव्हे, कृत्तिकांपासून सुरू होतात. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा आशयाचे एक विधान आहे. त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी गणित मांडले की, कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत होत्या तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा असला पाहिजे. दीक्षित मुरुडचे, आमच्या जंजिऱ्याजवळच्या मुरुडचे नव्हेत, दापोलीजवळच्या. १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ मराठीत आहे, याचा मराठी माणसाने जेवढा अभिमान बाळगायला हवा तेवढा बाळगलेला मला दिसत नाही. त्यांनी काढलेल्या काळावर वाद आजही आहे, पण पद्धत चोख आहे.

दर्यावर्दींच्या बाजूने मोठे नाव अहमद इब्न माजिदचे. हा जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा. १४९० च्या सुमारास त्याने ‘किताब अल-फवाइद’ हा नौकानयनावरचा ग्रंथ लिहिला. अरब खलाशी क्षितिजाचे बत्तीस भाग करत आणि प्रत्येक भागाला ताऱ्याचे नाव देत. उत्तर म्हणजे ‘जाह’, अर्थात ध्रुव. तिथून पूर्वेकडे येताना फरकदान, नअश, नाका, अय्यूक, वाकिअ, सिमाक, सुरय्या आणि ठीक पूर्वेला ताइर. उगवतीला ‘मतला’ आणि मावळतीला ‘मगीब’ म्हणत, त्यामुळे तीच नावे पश्चिमेलाही वापरता येत. ‘मतला सुरय्या’ म्हणजे पूर्वेच्या शेजारचे, किंचित उत्तरेकडचे घर. नानांच्या फत्तेमारीवर होकायंत्र होते, पण रात्री सुकाणूवरच्या माणसाला ते सांगायचे ते ताऱ्यांच्या भाषेत. ‘नअश’ हे नाव ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

एकत्र दिसणारे एकत्र असतात का?

मसऊदी चौलला होता तेव्हा इराणात रय शहरी एक मुलगा तेरा वर्षांचा होता. हाच पुढचा अब्दुर्रहमान अस्-सूफी (९०३–९८६). बुवैही सुलतान अदुदुद्दौलाच्या पदरी राहून त्याने ९६४ च्या सुमारास ‘किताब सुवर अल-कवाकिब’ हा ताऱ्यांच्या चित्रांचा ग्रंथ लिहिला. स्वतः आकाश न बघता आधीच्यांच्या याद्या उतरवणाऱ्यांवर त्याने प्रस्तावनेत चांगलेच तोंडसुख घेतले आहे. देवयानीतला ‘छोटा ढग’ सर्वांत आधी त्यानेच नोंदवला, हे बहुतेकांना माहीत असते. त्याच्या आणखी दोन नोंदी आपल्या विषयाच्या आहेत.

पहिली दक्षिणेच्या आकाशातली. तिथल्या एका धूसर ताऱ्याची त्याने नोंद केली. हा एक खराखुरा तारकागुच्छ आहे, जेमतेम ५ कोटी वर्षांचा, आपल्यापासून सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर. शिराझहून तो क्षितिजाच्या सात-आठ अंश वर येतो. मुरुडच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला समुद्रावर त्याच्या दुपटीहून अधिक उंच दिसतो. दुसरी नोंद अभिजित आणि श्रवण, म्हणजे अरबांचे वाकिअ आणि ताइर, यांच्या मधल्या एका पुंजक्याची. दुर्बिणीतून तो कपडे टांगायच्या हँगरसारखा दिसतो. हजार वर्षे हाही तारकागुच्छच समजला गेला. १९९० च्या दशकात हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहाने ताऱ्यांची अंतरे मोजली आणि हँगरचे तारे एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षे मागे-पुढे असल्याचे निघाले. नाते काहीच नाही. रेल्वेच्या एका डब्यात बसलेली माणसे, एवढेच.

मग सुरय्याचे काय? १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बीण तिच्याकडे वळवली तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या सहांभोवती त्याला आणखी तीन डझन तारे मोजता आले. पण जास्त दिसणे म्हणजे नाते सिद्ध होणे नव्हे. ते काम १७६७ साली जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्याने केले आणि तेही दुर्बीण न वापरता. आकाशात या तेजाचे तारे एकूण किती, हे माहीत होते. ते मूठभर तांदूळ उधळावेत तसे कसेही पसरले असते, तर त्यातले सहा इतक्या थोड्या जागेत येण्याची शक्यता किती? मिचेलचे उत्तर होते, सुमारे पाच लाखांत एक. म्हणजे हे एकत्र येणे योगायोगाने झालेले नाही. हे तारे खरोखर एकमेकांजवळ आहेत आणि कशाने तरी बांधलेले आहेत. खगोलशास्त्रात संख्याशास्त्राचा असा वापर त्याआधी कुणी केलेला नव्हता. चारच वर्षांनी फ्रान्सच्या शार्ल मेसिएने आपली पहिली यादी छापली, तिच्यात शेवटचा, पंचेचाळिसावा क्रमांक सुरय्याचा होता. आजही शास्त्रज्ञ तिला ‘एम ४५’ म्हणतात.

आज मोजलेले आकडे असे : अंतर सुमारे ४४४ प्रकाशवर्षे, वय दहा ते साडेबारा कोटी वर्षे, तारे हजाराहून अधिक. डायनासोर पृथ्वीवर हिंडत होते तेव्हा सुरय्या जन्माला आली. चित्रांत तिच्याभोवती दिसणारे निळे धुके तिचे जन्मवस्त्र नाही; वाटेत भेटलेल्या धुळीच्या मेघातून ती सध्या चालली आहे, एवढेच. आणि सातवी बहीण? जगभरच्या कथांत सात आहेत आणि दिसतात सहा, म्हणून एक हरवल्याच्या गोष्टी ग्रीकांपासून सगळीकडे सापडतात. एक सोपे कारण असे की प्लायोनी नावाचा तारा अॅटलास या तेजस्वी ताऱ्याला जवळजवळ चिकटून आहे आणि त्याचे तेजही कमी-जास्त होते. नानांची नजर समुद्रावर घडलेली होती; त्यांना दिसत असेलही.

अरबांच्या जुन्या कथेत सुरय्याच्या मागे एक उमेदवार आहे. त्याचे नाव अद्-दबरान, ‘मागे येणारा’, आपली रोहिणी. मेहर म्हणून द्यायच्या उंटिणींचा कळप पुढे हाकत तो कायम तिच्या मागे चालतो. त्या उंटिणी म्हणजे रोहिणीजवळचा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पुंजका, ज्याला पाश्चात्त्य ‘हायडीज’ म्हणतात. तोही खरा तारकागुच्छ, सुमारे १५० प्रकाशवर्षांवरचा आणि ६५ कोटी वर्षांचा. गंमत अशी की, दबरान स्वतः मात्र त्यात नाही. तो अवघ्या ६५ प्रकाशवर्षांवर, एकटाच आहे. उंटिणी त्याच्या नव्हेतच.

पाळण्यातच पांगणारे

तारकागुच्छ जन्मतात कसे, हे बघायला लांब जावे लागत नाही. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो. सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा हा वायूचा आणि धुळीचा मेघ म्हणजे बाळंतिणीची खोली आहे. थंड मेघ स्वतःच्याच वजनाने आत ढासळतो, त्याचे तुकडे पडतात आणि तुकड्यातुकड्यातून तारे पेटतात. इथले बरेचसे तारे १० ते ३० लाख वर्षांचे आहेत, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबात कालचे. सुरय्याही एके काळी अशीच दिसत असावी.

आता मुख्य गोष्ट. अशा मेघातल्या वायूपैकी साधारण दहा ते तीस टक्केच वायूचे तारे बनतात. उरलेला तसाच राहतो. म्हणजे नवजात ताऱ्यांना एकत्र धरून ठेवणारे वजन मुख्यतः ताऱ्यांचे नसतेच, त्या उरलेल्या वायूचे असते. आणि तो वायू टिकत नाही. मेघातले सर्वांत जड, सर्वांत तापलेले तारे आपल्या प्रकाशाने आणि वाऱ्याने तो उडवून लावतात. मृगातल्या मेघात हे काम चार तारे आपल्या डोळ्यांदेखत करत आहेत. वायू झपाट्याने गेला आणि निम्म्याहून अधिक वजन त्याच्याबरोबर गेले, तर ताऱ्यांचे वेग तेच राहतात पण धरून ठेवणारी ओढ निम्म्यावर येते. कुटुंब सुटते. २००३ साली चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी अशा मेघांत दडलेल्या गुच्छांची मोजदाद मांडली. तिचा निष्कर्ष असा की, बहुतेक तारे गुच्छांतच जन्मतात, पण शंभरातले नव्वदहून अधिक गुच्छ पहिल्या एक कोटी वर्षांतच पांगतात. सुरय्याच्या वयापर्यंत पोचणारे शंभरात चार ते सात. या पांगण्याला शास्त्रज्ञ ‘बालमृत्यू’ म्हणतात. मला शब्द पटत नाही. मरत कुणीच नाही, तारे सगळे शिल्लक असतात. नाहीसे होते ते त्यांचे एकत्र असणे.

हे वाचताना मला चौल आठवले. मसऊदीने मोजलेल्या दहा हजारांना चौलला कुणी धरून ठेवले होते? सिराफी माणसाला ओमानी माणसाचे प्रेम होते म्हणून नव्हे, बंदर चालत होते म्हणून. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे सरकला आणि रेवदंड्याच्या आसपास आज जुन्या मशिदी आणि कबरी जास्त आहेत, त्या व्यापाऱ्यांचे वंशज कमी. ते संपले नाहीत. कुठे कुठे गेले. आमच्या हबसाणातली माणसे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केपटाऊनलाही गेली आणि तिथे आजही कोकणी म्हणवतात. ही उपमा मी इथेच थांबवतो, कारण ती पुरती लागू पडत नाही. सुटलेला तारा परत येत नाही. आमची माणसे मे महिन्यात येतात.

बाष्पीभवन

पाळण्यातून वाचलेल्या गुच्छांचे पुढे काय होते, हे कोडे सुटायला विसावे शतक उजाडले. आकाशगंगेत खुले तारकागुच्छ शेकड्यांनी सापडत होते, पण त्यांतले म्हातारे फारच थोडे. मग म्हातारे जातात कुठे?

१९३८ साली लेनिनग्राडमध्ये व्हिक्टर अंबार्त्सुमियान या आर्मेनियन शास्त्रज्ञाने उत्तर दिले. त्याची खबर नसताना १९४० मध्ये अमेरिकेत लायमन स्पिट्झर त्याच उत्तराला पोचला. गुच्छातले तारे एकमेकांवर आदळत नाहीत, जागा फार मोकळी असते. पण जवळून जाताना एकमेकांना ओढतात आणि त्या ओढीत वेगाची देवाणघेवाण होते. एकाचा वेग थोडा घटतो, दुसऱ्याचा वाढतो. असे लाखो वर्षे चालले की, कुणातरी एकाच्या वाट्याला गुच्छातून सुटण्यापुरता वेग येतो आणि तो निघून जातो. तापत ठेवलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावरून एकेक रेणू उडावा तसे. देवाणघेवाणीच्या अशा एका पूर्ण फेऱ्यात सुमारे शंभरातला एक तारा सुटतो, असा अंबार्त्सुमियानचा अंदाज होता. हे मुख्यतः हलक्या ताऱ्यांच्या नशिबी येते. जड तारे वेग देऊन टाकतात आणि मध्यभागी खाली बसतात. हलके वेग घेतात आणि कडेला सरकतात. त्यामुळे जुन्या गुच्छाचा गाभा जड ताऱ्यांचा आणि कड विरळ होत जाते.

यात लाहोरला जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे काम मोठे आहे. ‘चंद्रशेखर मर्यादा’ सगळ्यांना पाठ असते, पण १९४३ मध्ये त्यांनी दाखवलेली गोष्ट मराठीत क्वचित येते. ताऱ्यांच्या गर्दीतून जाणाऱ्या ताऱ्याला इतर ताऱ्यांच्या ओढीमुळे एक प्रकारचे घर्षण सोसावे लागते. तो पुढे जातो तेव्हा मागे ताऱ्यांची किंचित दाटी होते आणि ती त्याला मागे खेचते. हे लक्षात घेऊन त्यांनी तारे सुटण्याचा दर पुन्हा मोजला, तेव्हा तो आधी वाटला होता त्याहून कमी निघाला. म्हणजे गर्दीच जाणाऱ्याला थोडे थोपवून धरते.

दुसरा तोटा आतूनच होतो. जड तारे लवकर जळून संपतात. सूर्याच्या आठपट वजनाचा तारा चार कोटी वर्षांच्या आसपास मरतो; सुरय्यात असे जे कुणी होते, ते सगळे गेले. जाताना त्यांनी आपले बहुतेक वजन वाऱ्यावर सोडले. गुच्छाचे वजन जेवढे घटते, तेवढी त्याची पकड सैल होते.

तिसरा तोटा बाहेरून. हा समजायला किनाऱ्यावरच्या माणसाला सोपा जातो, कारण हे भरती-ओहोटीचेच गणित आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, लांबच्या बाजूला कमी. त्या फरकामुळे पाणी दोन्हीकडे फुगते. आकाशगंगाही गुच्छाला अशीच ताणते. केंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी. जे तारे कडेला आधीच सैल झालेले असतात ते दोन बाजूंनी निसटतात, पुढे एक शेपूट आणि मागे एक. अधूनमधून वाटेत वायूचा एखादा राक्षसी मेघ भेटला तर उधाणासारखा एकदम मोठा हिसका बसतो. हे १९५८ मध्ये स्पिट्झरनेच दाखवले. जर्मनीच्या रोलांड विलेन यांनी १९७१ मध्ये सूर्याच्या परिसरातल्या गुच्छांची वये मांडून हिशोब केला : निम्मे गुच्छ २० कोटी वर्षांच्या आत विरतात, १०० कोटींच्या पुढे जाणारे शंभरात दोनच.

त्या दोनांचे नशीब बहुधा पत्त्याचे असते. कर्क राशीतला एम ६७ हा गुच्छ सुमारे ४०० कोटी वर्षांचा आहे. तो आकाशगंगेच्या चकतीपासून बराच वर राहतो, जिथे मेघांची वर्दळ कमी. बंदिस्त गुच्छांची गोष्ट निराळी. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला समुद्रावर ओमेगा सेंटॉरी धूसर ठिपक्यासारखा दिसतो. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत आणि वय १२०० कोटींच्या घरात. एवढ्या वजनातून सुटून जाणे सोपे नाही. तरी बंदिस्त गुच्छही सुटतात. पॅलोमर ५ नावाच्या गुच्छाच्या दोन लांबलचक शेपट्या २००१ मध्ये सापडल्या.

खुल्या गुच्छांच्या शेपट्या मात्र बरीच वर्षे कागदावरच होत्या. गुच्छातून निसटलेला तारा आकाशातल्या लाखो ताऱ्यांत मिसळला की ओळखायचा कसा? त्याचा एकच पुरावा उरतो, चाल. एका कुटुंबातले तारे पांगले तरी करोडो वर्षे साधारण त्याच दिशेने, त्याच वेगाने जात राहतात. डिसेंबर २०१३ मध्ये युरोपने गाया हा उपग्रह पाठवला, शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांच्या चाली मोजायला. त्याच्या आकड्यांवरून २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या चमूंनी उंटिणींच्या कळपाच्या, म्हणजे हायडीजच्या, शेपट्या शोधून काढल्या. त्या शेकडो प्रकाशवर्षे पसरल्या आहेत. आपण ज्याला कळप म्हणतो तो उरलेला गाभा. बाकीचे रस्त्याने पुढे-मागे लागलेले आहेत. सुरय्याला अजून थोडा अवधी आहे. आणखी सुमारे २५ कोटी वर्षांनी ती गुच्छ म्हणून उरणार नाही, असा अंदाज आहे.

नअश

सूर्यही असाच कुठल्यातरी गुच्छात जन्मला असावा. जुन्या उल्कापाषाणांत एका अल्पजीवी किरणोत्सारी अॅल्युमिनियमच्या खुणा सापडतात, त्यावरून जन्मावेळी शेजारी जड तारे होते असे मानले जाते. पण ४५७ कोटी वर्षांत त्याची भावंडे आकाशगंगेभर इतकी विखुरली की खात्रीने भाऊ म्हणावा असा एकही तारा आजवर हाती लागलेला नाही. एक-दोन उमेदवार पुढे आले, त्यांच्यावर वाद आहे.

नअशची गोष्ट मागे ठेवली होती. सप्तर्षींना अरब ‘बनातुन्-नअश’ म्हणतात. नअश म्हणजे तिरडी, जनाजा. चौकोनाचे चार तारे म्हणजे जनाजा आणि मागच्या तीन ताऱ्यांच्या रांगेत त्याच्यामागून चाललेल्या मुली. आमच्याकडे मुली जनाज्यामागे जात नाहीत, आकाशात जातात.

१८६९ साली रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रजाने या सात ताऱ्यांच्या चाली नकाशावर बाणांनी काढल्या. पाच बाण एकाच दिशेला गेले, दोन भलतीकडे. मधले पाच, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, खरोखर एका कुटुंबातले आहेत; वसिष्ठाजवळची अरुंधतीही त्यांच्यातलीच. सुमारे ८० प्रकाशवर्षांवरचा आणि ४० कोटी वर्षांचा हा जवळजवळ विरून गेलेला तारकागुच्छ आहे. तो इतका जवळ आहे आणि इतका पसरला आहे की गुच्छ म्हणून तो हजारो वर्षे कुणाच्याच लक्षात आला नाही. त्याच चालीचे आणखी तारे आकाशात सगळीकडे सापडतात. व्याधाचा ताराही त्यांतलाच असे बरीच वर्षे मानत, आता मानत नाहीत. अरबांना यातले काही माहीत असणे शक्य नव्हते. जनाजा हे नाव त्यांनी केवळ आकारावरून ठेवले.

नाना गेले तेव्हा एप्रिल होता. त्यांचे तीन नातू आखातात होते, एक केपटाऊनला. वेळेवर पोचला तो एकच. दफन आटोपून रात्री आम्ही दोघे खाडीच्या बाजूला बसलो होतो आणि उत्तरेला नअश उंच आला होता. तो दोह्याहून आलेला, फोनवर ताऱ्यांचे अॅप लावून बघत होता. त्याने विचारले, “या सातांत घरचे नाहीत ते दोन कोणते?” मी सांगितले, “दोन्ही टोकांचे. पुढचा क्रतू आणि सगळ्यांत मागचा मरीची.” त्याने फोन खिशात ठेवला आणि पाच मोजून बघितले.